घोडबंदर रोड: आणखी एक रस्ता न बांधता काही करता येईल का?

डबलडेकर (धागाकर्ता)

ठाण्याहून बोरिवलीकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या कोंडीवर उपाय म्हणून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. लांबी ११.८ किलोमीटर, खर्च १६,६०० कोटी. म्हणजे किलोमीटरमागे चौदाशे कोटींच्या आसपास. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारा हा बोगदा होणारच आहे. त्याला विरोध करायला धागा काढलेला नाही, तेव्हा 'विकासविरोधी' वगैरे सुरू करू नका.

प्रश्न पुढचा आहे. बाळकूम ते गायमुख खाडीकिनारी मार्ग येतो आहे. गायमुख ते फाउंटन हॉटेल आणखी एक बोगदा आणि पुढे भाईंदरकडे उन्नत मार्ग यांच्या मिळून १४,००० कोटींच्या निविदा २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन रद्द झाल्या, पण कल्पना काही मेलेली नाही. कोंडी झाली की आपल्याला सुचतं ते हेच. आणखी एक रस्ता, जमिनीवर जागा नसेल तर वर, वर नसेल तर खाली.

आता एक साधं गणित. बोगद्याच्या प्रत्येक नळीत वाहतुकीच्या दोन मार्गिका आणि एक आपत्कालीन. एका मार्गिकेतून सगळं आलबेल असताना तासाला १,८०० ते २,००० गाड्या जातात. दोन मार्गिका, गाडीत सरासरी दीड माणूस धरला (हे मी उदार होऊन धरतोय, सकाळी मानपाड्याला उभं राहून बघा) तर तासाला सहा हजार माणसं. बारा डब्यांची एक लोकल शिगोशीग भरली की चार-पाच हजार माणसं नेते. म्हणजे भर गर्दीच्या एका तासात १६,६०० कोटींचा बोगदा एका दिशेला दीड लोकलएवढं काम करणार.

हाच बोगदा वेगळा वापरता येतो. न्यूयॉर्कच्या लिंकन टनेलकडे जाणारी एक मार्गिका १९७० पासून कामाच्या दिवशी सकाळी फक्त बसना देतात, तीही समोरून येणाऱ्या वाहतुकीकडून काढून घेऊन. लांबी जेमतेम चार किलोमीटर. कोविडच्या आधी तिथून एका सकाळी १,८०० च्या वर बस आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं जायची. बांधकाम जवळजवळ शून्य, शंकू मांडायचे आणि उचलायचे.

तर नवा पूल, नवी मेट्रो सोडून काय करता येईल? विचित्र वाटलं तरी चालेल.

चाकरमानी_मरोळ

काका, गणित छान आहे. आता माझं ऐका. कासारवडवली ते मरोळ, रोज, स्वतःच्या गाडीने. हौस म्हणून नाही. बसने जायचं तर आधी थांब्यापर्यंत रिक्षा, मग बस, मग परत बस. आणि बस नक्की कधी येईल ते बसलाही माहीत नसतं. ठाण्याहून लोकलने बोरिवलीला जायचं म्हणजे तर दादरला जाऊन परत उलटं यायचं, नकाशावर बघा, पन्नास किलोमीटरचा वळसा होतो. तुम्ही आधी दुसरा पर्याय उभा करा, मग माझी मार्गिका काढून घ्या. उलट्या क्रमाने केलंत तर मी बसमध्ये येणार नाही, त्याच कोंडीत दुप्पट वेळ बसून तुम्हाला शिव्या देईन.

गायमुखचा वाघ

+१ चाकरमानी.

कंटेनर

रोड ट्रान्सपोर्टमध्ये आहे म्हणून लिहितो. कारवाल्यांचं आणि बसवाल्यांचं भांडण चालू द्या, पण घोडबंदरवर खरी जागा कोण खातं? आमच्या गाड्या. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारा ट्रेलर कळंबोली, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत घोडबंदरने वरसावे पुलावर जातो. नो एंट्री लागली की ड्रायव्हर गाडी कडेला लावून बसतात, आणि उठली की सगळे एकदम सुटतात. मग रात्री अकरानंतर गायमुख घाटात एक गाडी बंद पडली की दोन्हीकडे रांग. चढ आहे, भरलेला ट्रेलर तिथे चालत्या माणसाच्या वेगाने चढतो. पावसात घाटाचं डांबर निघालं की विचारूच नका.

यावर उपाय ठाण्यात नाहीच. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, म्हणजे फ्रेट कॉरिडॉर, दादरीपासून जेएनपीटीपर्यंत दीड हजार किलोमीटरचा. आणि सगळ्यात शेवटी राहिला कोणता तुकडा? वैतरणा ते जेएनपीटी, शंभरएक किलोमीटर, नेमका आपल्या दारातला. बंदराला तो नीट जोडला गेला आणि कंटेनर बंदरातच डब्यावर चढायला लागले, तर लांबचा माल माजिवड्याला येणारच नाही. माझ्या धंद्याला मारक आहे हे कळतं मला. पण चार तास उभ्या गाडीचं डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ताही मीच भरतो. जवळच्या फेऱ्या मिळाल्या तरी पोट भरेल.

डबलडेकर

@कंटेनर, हा मुद्दा डोक्यातच नव्हता माझ्या. प्रवासी वाहतुकीचा तोडगा मालवाहतुकीत, हे आवडलं.

@चाकरमानी, क्रमाचं मान्य. पण बस वेळेवर येत नाही कारण ती तुमच्याच मागे अडकलेली असते, हेही मान्य करा.

वडापाव_एक्स्प्रेस

येऊरच्या जंगलावरून रोपवे टाका. ठाणे ते बोरिवली, खाली बिबटे, वर आपण. बोलिव्हियाच्या ला पाझमध्ये २०१४ पासून लोक रोज रोपवेने कामावर जातात, तीस किलोमीटरच्या वर जाळं आहे. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

हिशेबनीस

रोपवेच्या एका मार्गाची क्षमता तासाला एका दिशेने तीनेक हजार माणसं. ला पाझ दरीत आहे, तिथे दुसरं काही चढतच नाही. इथे शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलात खांब रोवायची परवानगी मागायला तुम्हालाच पाठवू.

धाग्याबद्दल. "१६,६०० कोटींत अकरा हजार इलेक्ट्रिक बस येतील" असं कोणीतरी लिहिणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. दीड कोटीची बस धरली तर भागाकार बरोबर आहे, पण तसं होत नाही. बोगदा हा भांडवली खर्च. त्यासाठी कर्ज मिळतं, तीस वर्षं फेडता येतं, कोनशिला बसते. बस घेणं सोपं, ती रोज चालवणं हा महसुली खर्च. ड्रायव्हरचा पगार, वीज, टायर, डेपो. त्याला कर्ज कोणी देत नाही, आणि दरवर्षी अर्थसंकल्पात तो 'तोटा' म्हणून छापून येतो. रस्त्याचा तोटा कधी छापून आलेला पाहिलात? डागडुजीला पैसे जातात, त्याला आपण तोटा म्हणत नाही. त्यामुळे सगळ्या यंत्रणांचा कल आपोआप काँक्रीटकडे असतो, यात कुणाचा दुष्टपणा नाही. २०२३ ची पीएम ई-बस सेवा योजना म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. दहा हजार बसचं लक्ष्य, आणि केंद्राची मदत चालवलेल्या किलोमीटरमागे.

दुसरं, रस्ता वाढवला की गर्दी वाढते हे नुसतं चहाच्या टपरीवरचं मत नाही. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की महामार्गाच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतर वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये २.८ अब्ज डॉलर घालून रुंद केला, सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी सव्वीस मार्गिका. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत सकाळचा प्रवासवेळ तीस टक्क्यांनी आणि संध्याकाळचा पंचावन्न टक्क्यांनी वाढला.

इतक्या लांब जायचं नसेल तर वाशीला जा. पहिला खाडीपूल १९७३, दुसरा १९९७, आता तिसराही झाला. कितवा शेवटचा?

तिसरा मुद्दा टोलचा, पण तो काढला की धागा पेटेल.

पारसिकवाला

काढा हो. पेटायलाच येतो आम्ही इथे.

हिशेबनीस

बरं. स्टॉकहोमने २००६ मध्ये जानेवारी ते जुलै शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या गाड्यांवर वेळेनुसार शुल्क लावलं. गर्दीच्या वेळी जास्त, रात्री फुकट. सीमारेषा ओलांडणाऱ्या गाड्या वीसेक टक्क्यांनी कमी झाल्या. सुरुवातीला लोक चिडले होते. सहा महिने अनुभव घेतल्यावर त्याच सप्टेंबरात मतदान झालं, शहराने होकार दिला, आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. सिंगापूर तर १९७५ पासून हे करतंय.

आपण काय केलं? ऑक्टोबर २०२४ मध्ये आनंदनगर, मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ. मला कळतं, तो टोल रस्त्याच्या वसुलीचा होता, लोक विटले होते, आणि नाक्यावरची रांग हीच एक कोंडी होती. पण रांग न लावता कॅमेऱ्याने, फक्त सकाळी आठ ते अकरा, एकट्या माणसाच्या गाडीला शुल्क, आणि ते सगळे पैसे बसच्या त्या 'तोट्या'त. रस्ता बांधायचा नाही, कर्ज काढायचं नाही.

पारसिकवाला

या जाहीरनाम्यावर ठाण्यातून उभे राहा. अनामत रक्कम मी भरतो, परत मिळायची आशा न ठेवता.

बाराखडी

प्राथमिक शाळेत शिकवते. ऑफिसच्या वेळा मागेपुढे करा हा सल्ला दर दोन वर्षांनी येतो. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने शेकडो कार्यालयांना तशी पत्रंही पाठवली होती. वेळ बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे यात शंका नाही, एक वीट लागत नाही. पण वेळा कुठल्या कशात अडकलेल्या असतात ते बघा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. कारण योग्यच होतं, मुलांची झोप. पण त्याआधी आमच्या बस सातच्या आत रस्त्यावरून नाहीशा व्हायच्या. आता त्या साडेआठला निघतात, म्हणजे चाकरमानींच्या गाडीच्या बरोबर पुढे. शिवाय मोठ्यांची शाळा सकाळचीच राहिली, म्हणून त्याच बसला दोन फेऱ्या. एका खात्याने झोप वाचवली आणि दुसऱ्या खात्याची कोंडी वाढली, आणि दोघे एका टेबलावर बसले असतील असं मला वाटत नाही.

माझी सूचना विचित्र नाही, कंटाळवाणी आहे. घोडबंदरवरच्या मुलाने घोडबंदरवरच्याच शाळेत जावं आणि चालत जावं. आमच्याकडे वाघबीळची मुलं मुलुंडहून येणाऱ्या मुलांना रस्त्यात क्रॉस करत मुलुंडला जातात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि मे महिन्यात हाच रस्ता बघा, मग कळेल यातली किती गर्दी आपण स्वतः तयार केलेली आहे.

खाडीकिनारी

आम्ही मूळचे इथले, आगरी. रस्ता नव्हता तेव्हा खाडीच रस्ता होती. उल्हास नदीचा आणि खाडीचा हा पट्टा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५३ झाला. वसई-ठाणे-कल्याण जलवाहतुकीच्या गोष्टी तेव्हापासून ऐकतोय. कोलशेतला जेट्टी बांधली. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो (गाड्याही नेणारी बोट) चालू आहे. रस्त्याने अडतीस किलोमीटर, पाण्यातून चारसुद्धा नाहीत. तिथे बोट चालते कारण पलीकडे जायला दुसरा जवळचा रस्ताच नाही.

पण कोलशेतहून बोट पकडून कामावर जाल हे स्वप्न बघू नका. एक, गाळ. ओहोटीला खाडी किती उतरते ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला विचारा. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते आणि तुमच्या ऑफिसची नाही. सतत गाळ उपसायचा तर ते खारफुटीचं काय करायचं? दोन, जेट्टीवर उतरल्यावर पुढे काय? नेरूळ-बेलापूरकडच्या जेट्ट्या बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी निघाली, कॅटामरानचं तिकीट २९० रुपये. त्या पैशात लोकलचा महिन्याचा पास येतो. नव्वदच्या दशकात नवी मुंबईहून होव्हरक्राफ्टही निघाली होती, तीही गेली.

खाडी जिथे आडवी येते तिथे बोट चालेल, रस्त्याला समांतर नाही. घोडबंदरच्या पट्ट्यात खाडी ओलांडून पलीकडे भिवंडीची गोदामं, काल्हेर, खारबाव. तिथे रोज कामाला जाणारे हजारो लोक माजिवड्याला वळसा घालतात. त्यांच्यासाठी साध्या लाँच सोडा. पण ते लोक फोरमवर लिहीत नाहीत.

आडवाटेचा

सगळे 'माणूस कसा न्यायचा' यावर बोलताय. माणूस न्यायचाच कशाला?

नवी मुंबईची मूळ कल्पना हीच होती. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई दक्षिणोत्तर ओढाताणीत मरतेय, खाडीपलीकडे नोकऱ्या न्या, सरकारी कचेऱ्या न्या. १९७० मध्ये सिडको झाली. घरं झाली. मंत्रालय मात्र जिथे होतं तिथेच राहिलं आणि नरिमन पॉइंटला भराव पडून टॉवर उभे राहिले. मग काय, लोक खाडी ओलांडून परत मुंबईत. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयटी आलं तेव्हा २००४ च्या ठाणे-वाशी लोकलमध्ये दोन्ही दिशांना माणसं दिसायला लागली. रबाळे-ऐरोली-घणसोलीला सकाळी उतरणारी गर्दी बघा.

ठाण्यात तर उलटं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. पोखरण, माजिवडा, कोलशेत, सगळीकडे कारखाने. लोक इथेच राहायचे, इथेच भोंग्यावर कामाला जायचे. कारखाने गेले, त्या जागी टॉवर आले. प्रत्येक टॉवरने माणसं वाढवली आणि नोकऱ्या कमी केल्या. मग त्या माणसांना बोरिवलीला न्यायला बोगदा. माझा उपाय असा की घोडबंदरला ज्या प्रमाणात घरांची परवानगी, त्या प्रमाणात कार्यालयांची जागा सक्तीची. वेळ लागेल, पंधरा-वीस वर्षं. बोगद्याची चर्चा तरी किती वर्षं चालली होती?

चाकरमानी_मरोळ

आणि माझी बायको बीकेसीला आहे, मी मरोळला. दोघांची ऑफिसं कासारवडवलीला आणणार का? नोकरी आता तीन वर्षांनी बदलते, घराचा हप्ता वीस वर्षांचा. त्या भोंग्याच्या काळात माणूस एकाच गेटमधून निवृत्त व्हायचा.

आडवाटेचा

रास्त आहे. सगळ्यांना नाही जमणार. वीस टक्के कमी झाले तरी स्टॉकहोम झालं की, तेही कॅमेरे न लावता.

तिसरी शिफ्ट

नर्स आहे, बोरिवलीच्या एका रुग्णालयात. वेळा मागेपुढे करा, घरून काम करा, यातलं मला काहीच लागू नाही. आणि मी बसनेच जाते.

मला बसपेक्षा बसपर्यंतचा रस्ता छळतो. घोडबंदर ओलांडायचा म्हणजे पादचारी पुलाच्या पायऱ्या, नाहीतर मेट्रोच्या खांबांमधल्या फटीतून पळणं. रात्रपाळीहून येताना पुलावर दिवा नसतो, मग पळणंच. आता सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात विलीन करताहेत, म्हणजे ओलांडायचं अंतर आणखी वाढलं. कारने जाणाऱ्या माझ्या शेजारणीला विचारलं तर ती म्हणते, दोन किलोमीटरवरच्या भाजीलाही गाडी काढते कारण फुटपाथवरून पोराला घेऊन चालता येत नाही. तुमच्या त्या दीड माणसांच्या गाड्यांमध्ये ही पण आहे.

डबलडेकर

@तिसरी शिफ्ट, तुमच्याच प्रतिसादातून मला हवं ते सापडलं. सर्व्हिस रोड विलीन झाल्यावर डावीकडे एक वाढीव मार्गिका मिळतेय. ती कुणाकडून हिसकावलेली नाही, कालपर्यंत कारवाल्यांची नव्हतीच. ती कापूरबावडी ते गायमुख पहिल्या दिवसापासून फक्त बस आणि रुग्णवाहिकांना द्यायची. चाकरमानींचा क्रमाचा आक्षेपही मिटतो. दुभाजकालगत बसमार्ग करायला गेलो तर मेट्रोचे खांब आणि बसचे डावे दरवाजे आडवे येतात, कडेला ती अडचण नाही.

आणि बोगद्यातही तेच. सुरू होताना एक मार्गिका गर्दीच्या वेळी बससाठी ठेवली तर ठेवली. एकदा सगळ्यांना मोकळी दिली की पुन्हा कोणी मागू शकणार नाही. दिल्लीने २००८ मध्ये चालू रस्त्यातून बीआरटी (बससाठी राखीव मार्ग) कापून काढली, २०१६ मध्ये उखडून टाकली. सोलने २००३ मध्ये चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ताच पाडायला घेतला, पण २००४ मध्ये शहरभर बसची पुनर्रचना करून स्वतंत्र बसमार्गिका दिल्या, म्हणून ते टिकलं.

कंटेनर

डावी मार्गिका मोकळी राहील हे तुम्हाला वाटतं. तिथे रिक्षा उभ्या राहणार, पाण्याचे टँकर उभे राहणार, आणि रात्री आमच्याच गाड्या. सोसायट्यांची फाटकंही तिथेच उघडतात. पोलीस नाही, कायमचे कॅमेरे लावा. दंड घरपोच आला की आमचे ड्रायव्हर लगेच शिकतात.

चाकरमानी_मरोळ

तीनपेक्षा जास्त माणसांच्या कारला त्या मार्गिकेत येऊ द्याल का? वॉशिंग्टनकडे लोक अनोळखी माणसांना थांब्यावरून गाडीत घेतात, केवळ त्या मार्गिकेत शिरायला मिळतं म्हणून. सत्तरच्या दशकापासून चालू आहे. आमच्या संकुलातून मरोळ-सीप्झकडे निदान वीस-पंचवीस गाड्या निघतात, सगळ्या एकेकट्या. आत्ता एकत्र जायचं कारणच नाही, टोलही वाचत नाही आणि वेळही.

हिशेबनीस

आतली माणसं मोजणार कोण? काळ्या काचा, मागच्या सीटवर मूल. बस लांबून ओळखता येते, म्हणून नियम पाळला जातो. पण तुम्ही स्वतः हे विचारताय याचीच मला मजा वाटली.

चाकरमानी_मरोळ

मजा काय, माझी सकाळ जातेय. बस दर पाच मिनिटांनी असेल आणि बसायला जागा मिळणार असेल तर गाडी विकेन. उभं राहून गायमुख घाट चढणार नाही, हे लिहून घ्या.

डबलडेकर

लिहून घेतलं. संकुलांच्या फेडरेशनसाठी पत्राचा मसुदा रविवारी इथेच टाकतो. मागण्या तीनच: विलीन सर्व्हिस रोडची डावी मार्गिका, बोगद्यातली बसमार्गिका, आणि प्रत्येक बसथांब्यासमोर जमिनीवरून सिग्नलसह ओलांडायची सोय. बोगदा एमएमआरडीएचा, बस परिवहन सेवेच्या, सिग्नल पोलिसांचा, रस्ता तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या खात्यांचा, तेव्हा एकच पत्र चौघांना, आणि प्रत्येकाच्या पत्रावर बाकीच्या तिघांची नावं. @तिसरी शिफ्ट, ज्या पुलावर दिवे नाहीत त्यांची यादी द्याल का? @बाराखडी, जून आणि मे मधल्या सकाळचे फोटो असतील तर हवेत.

तिसरी शिफ्ट

देते. उद्या रात्रपाळी आहे, येताना बघून येईन.